खेचर सापडलं का?

टोपीला माथ्याच्या चिमटीत धरू नये,
सोइला किझ्पी नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते.
मग त्या तशाच धरतात,
मग ती त्यांच्या बोटांवर पट्टी मारते, हलकेच,
मापाची, लाकडी, एकोणसाठ सेंटिमीटरला मोडलेली.

"गवतच हे.
पण चार महिने एक बाई धुक्यात बसून विणते.
ऊन चढलं की काडी तडकते,
म्हणून पहाटे, म्हणून दिवेलागणीला,
मधल्या वेळात शेंगा सोलायच्या, कोंबड्या हाकायच्या.
आणि तू? एका चिमटीत?"

सिगसिग गावात, डॉन एराक्लितोच्या गोदामात,
एकवीस वर्षं तिचं हेच काम.
माथा खाली, कड वर.
कडेवर बसवलेली टोपी बोटीत महिनाभर बसते
आणि उतरते ताटली होऊन.
माथ्यात पांढरा पातळ कागद, चुरगळून, सैल;
डोक्याइतकाच भरायचा, हट्टाइतका नाही.
कडेखाली पुठ्ठ्याचं कडं.
खोक्यात खोका, मध्ये तीन बोटं जागा,
त्या जागेत जुनी वर्तमानपत्रं.
(टोपीला शाई लागता कामा नये. लागली तर
डॉन एराक्लितो आवाज चढवत नाही,
नुसता पगाराची वही उघडतो.)
शेवटी खोका कानाशी धरून हलवायचा.
आत काही बोललं,
तर पुन्हा उघडायचा.

नॉर्वेहून पत्र आलं एप्रिलमध्ये.
तक्रारच असणार, म्हणून सगळे गप्प.
कोणी तोर्लेइफ सोल्हाउग, शब्दकोश शेजारी ठेवून
लिहिलेलं असावं, एकेक शब्द वेगळा उभा:
टोपी पोचली. गोल आहे. आभार.
खोक्यातला कागद इस्त्री करून वाचला.
पान अकरा, खाली, डावीकडे.
चोर्देलेगच्या सेनोर लेओनिदासचं
एका कानाला खाच असलेलं खेचर,
कांदेला म्हटलं की ओ देतं,
ते सापडलं का?

पोरी हसून हसून पुठ्ठ्यावर आडव्या.
डॉन एराक्लितो म्हणाला, टोपीबद्दल आणखी काही?
नाही? मग फाइल करा.

सोइलाला मात्र झोप येईना.
एकवीस वर्षं ती जगाला काय काय पाठवत आली होती,
लग्नं, लिलाव, पाण्याच्या पाळ्या,
मयताच्या बातम्या चेंडू करून,
आणि कुणी तरी ते उलगडत होतं.

रविवारी बसने चोर्देलेगला.
जाहिरात तीन वर्षांपूर्वीची. घर सापडलं, कुत्रंही.
लेओनिदास म्हातारा, मक्याच्या कणसांत बसलेला.
खेचर? हो, मिळालं ना.
दोन महिन्यांनी, ओढ्यापलीकडे.
मग जरा थांबून, शेजारीण ऐकत नाही ना बघून:
"ती कांदेला नव्हती.
दोन्ही कान शाबूत होते.
पण मी हाक मारली, आणि तिने मान वळवली.
आता काय सांगणार तिला?"

मागे गोठ्यात काही तरी फुरफुरलं.

परतीच्या बसमध्ये सोइलाने
उत्तर तीनदा मनात लिहिलं.
सापडलं, म्हणावं, तर खोटं.
नाही सापडलं, तेही खोटंच, आणि त्यात पुन्हा
एवढ्या लांब थंडीत बसलेला माणूस.
शेवटी जसं होतं तसं लिहिलं, साडेसहा ओळी,
शब्दकोशाला झेपतील असे शब्द निवडून.

कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला.
कोपरे दुमडू नयेत म्हणून भोवती कापसाची दोरी.
पाकिटावर शिक्का मारला, सात भाषांत, नाजूक,
जो हमालांपैकी कुणी वाचत नाही.
आणि टपालात टाकण्याआधी,
सवयीनं,
कानाशी धरून हलवलं.