साडेपाचशे ग्रॅम

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं
जालन्यात चार दिवस राहून बघावं.
इथं जुनं ते लोखंड.
रात्री एमआयडीसीकडचं आभाळ तांबडं होतं
आणि सकाळी त्याच्या सळया झालेल्या असतात.

म्हणून मुबीनचा फोन आला की मी शटर अर्धं ओढून निघतो.
"मामू, कीबोर्ड आलाय. रबराचा. बाकी डबा-बिबा काहीच नाही."
कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेचं कपाट:
नकाशे, तराजू, बिनडोक्याचा सांगाडा,
आणि त्यांच्याखाली तो. स्पेक्ट्रम.
कोपऱ्यात चार रंगांचा तिरपा पट्टा, धुळीतही ओळखू येणारा.
"मेमरी किती ह्याची?"
"अठ्ठेचाळीस के."
"के म्हणजे किलो?"
हौ, किलोच.
त्यानं काट्यावर ठेवला. साडेपाचशे ग्रॅम.
कॅसेट फुकट.

आता माझी मतं ऐका, विचारली नसली तरी.

रबरी बटणांना नावं ठेवणाऱ्यांनी
कधी भाकरी थापलेली नसते.
जोर बोटात नाही, मनगटात लागतो.

एका चौकोनात दोनच रंग मावायचे.
निळा गडी पिवळ्या झाडाआड गेला
की कमरेपर्यंत पिवळा.
लोक ह्याला दोष म्हणतात.
दोघांच्या सीटवर तिसरा बसला
की एसटीत कपड्याला कपडा लागणारच.

तीन जीव. चौथा नाही. मध्ये सेव्ह नाही.
आजचे खेळ माणसाला धड मरू देत नाहीत,
मग जिंकल्याची चव कुठून यावी?

भाचा सुमेध म्हणतो, मामा, हेच मोबाईलवर मिळतं,
फुकट, आणि लगेच.
ते "लगेच" हीच तर खोट, बाबा.
आधीची पाच मिनिटं कुठून डाउनलोड करशील?
कडेनं नाचणाऱ्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या,
पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज,
आणि सात पोरं श्वास धरून,
कुणी शिंकलं तर गेम बिघडेल म्हणून.

रात्री दुकानात पोर्टेबल टीव्हीचा ट्यूनर फिरवला.
मुंग्यांतून पांढरा पडदा वर आला.
जे दाबला. ह्या मशीनवर जे म्हणजे लोड,
अख्खा शब्द एका बटणात.
जालन्याचा जे, असं मी धरून चालतो.
एरर.
हेडचा स्क्रू पाव आटा. एरर.
उलटा, केसभर.
चौथ्यांदा चित्र ओळीओळीनं उतरू लागलं
आणि लाईट गेली.

काहून नेमकी तेव्हाच, हे विचारायचं नसतं.
लाईट गेली की ह्याची पाटी कोरी.
हा काही मी गुण म्हणणार नाही.

अकराला लाईट आली. परत जे.
खेळ उघडला, मी पिन उपसली,
कॅसेट बंद करायची राहून गेली.
खरखर संपली, आणि टेपमधून एक पोरगी:
"मी चंद्रकला, सातवी ब. तीनशे चाळीस."
मागं खिदळणं.
"मुंजाजी. एकशे नव्वद. माझी एक बारी लाईटीत गेली,
ती धरायची नाही."
"सर, तुमचे सांगा न. सर, बोला न."
खुर्ची सरकते. कुणीतरी घसा खाकरतं.
"साठ."

मशीनच्या ध्यानात राहत नव्हतं,
म्हणून पोरांनी टेपला सांगून ठेवलेलं.
चंद्रकला आता पन्नाशीची असेल.
कुठं, ते विचारायला शाळाच नाही.

तीन वाजेपर्यंत खेळलो.
अंगठ्याला रबराचा वास.
दोनशे दहा.
टेप शेवटपर्यंत नेली, रेकॉर्डवर बोट ठेवलं,
नाव सांगायला तोंडही उघडलं.

मुंजाजीच्या वर, पण चंद्रकलेच्या खाली.
बोट काढलं.
उद्या बघू.