गाडी थंड असताना

गुणाजी मेस्त म्हणाला, आधी फोन करून सांग,
आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका म्हणावं.
तापलेलं इंजिन गोड बोलतं.
म्हणून सकाळी सातची फेरीबोट धरली:
मी, मेस्त, आणि त्याच्या खिशात
जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक.

जुने गोव्याचा धक्का सुटला तरी तो बोलतच राहिला.
ओली गाडी बघू नये, पाण्याखाली ओरखडे झोपतात.
सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा,
पुराचा गाळ तिथे बसतो, तिथे कुणी धूत नाही.
मीटरवर चाळीस हजार आणि क्लचचं रबर गुळगुळीत,
तर मीटर खोटा, पाय खरा.
कळंगुटला भाड्याने फिरलेली असेल
तर सीटखाली वाळू निघते,
किती झाडलं तरी निघतेच.

मी मारसेलला लॅबमध्ये रक्त तपासते.
मला हे सगळं समजत होतं.

पिएदादच्या चढावर शेवग्याखाली ती उभी होती,
राखाडी, दोन हजार नऊची, छपरावर शेंगांची सालं.
बाल्कांवात इर्मेलिंदाबाई चहाचा ट्रे घेऊन,
आणि फेलिसियो सर, गणिताचे, निवृत्त,
पायरी चाचपत उतरले.
"म्हाका आतां दिसना," ते म्हणाले,
सुटे पैसे नाहीत म्हणावं तसं.

मेस्त पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली गेला.
फेरीच्या रॅम्पवरचं खारं पाणी
सायलेन्सरला खात आलं होतं.
सर म्हणाले, सुरू कर. आयक.
तिसऱ्या गियरला कुरकुर आहे, चढावरच.
पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गुणगुणतं, साठच्या वर.
वायपर तीनदा नीट फिरतो, चौथ्यांदा अडखळतो.
मेस्त गाडीखालून बाहेर आला, जरा नाराजच.
विकणारानेच दोष सांगितले
तर घासाघीस कशावर करायची?

मग चुंबक.
बॉनेट, टक्. उजवं दार, टक्. मागचं, टक्.
डावं मागचं दार:
चुंबक घसरलं आणि गवतात पडलं.

सरांनी ते ऐकलं.
म्हणजे जो आवाज आला नाही, तो ऐकला.

"बावीस वर्षं चालवतायत, एकदासुद्धा ठोकली नाही,"
बाल्कांवातून इर्मेलिंदाबाई.
"आधीची फियाट काय, ही काय.
रुग्णालयात डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा चकित झाला."
सर पायाखालच्या मातीकडे तोंड करून उभे.
मेस्तने माझ्याकडे पाहिलं. बोटभर लांबी भरलेली.
बारा हजार तरी उतरले असते.

मी चुंबक उचललं. त्याला तांबड्या मातीतले
काळे कण चिकटले होते. ते फुंकरीने जात नाहीत.
आमच्याकडे रिपोर्ट मी काढते,
सांगायचं काम डॉक्टरांचं.
मी चुंबक पर्समध्ये टाकलं आणि चहा घेतला.

चेसिस नंबर सरांनी पाठ म्हणून दाखवला,
मी पत्र्यावर बोट ठेवून वाचत गेले.
शेवटून दुसरा आकडा, ते म्हणाले तीन,
मला आठ वाटला.
गंज होता. मोबाइलची बॅटरी लावली,
तेव्हा तीनच निघाला.

सह्या झाल्या. किल्लीबरोबर पितळी क्रूस होता,
तो काढायला त्यांची नखं पुरेनात, मी काढून दिला.
बाई आत कागदाला पिशवी आणायला गेल्या,
तेवढ्यात सरांचा हात डाव्या दारावर
नेमका त्या जागी गेला.
"धक्क्यावरचा खांब," ते हळूच म्हणाले.
"दोन हजार अठरा. दुपारी तीन वाजता.
लख्ख ऊन होतं."

परतीच्या बोटीवर मेस्त बोलला नाही.
पलीकडे उतरून चढ लागला,
मी तिसरा टाकला.
कुरकुर.
अगदी सांगितली होती तशी.