करकरणारी बिजागरी

उद्या साडेदहाला टेम्पो येणार.
जिंतूर तालुक्याच्या शाळांसाठी एकशे बारा संगणक,
आणि टेबलावरच्या या एकाच्या पोटात आज जे ठरेल
तेच बाकीच्या एकशे अकरांत उतरेल.
नंतर कुणी बदलणार नाही.
ज्याला हात लावायला भीती वाटते
ते जसं आलं तसंच राहतं.

फायरवॉल चालू. याला विचार लागला नाही.
दुरून आत यायची वाट मात्र
मी आधी उघडी ठेवली होती, माझ्याच सोयीला,
चारठाण्याचं मशीन अडलं तर
एसटीची वाट बघत बसायला नको म्हणून.
मग दिसलं:
पासवर्ड सगळीकडे एकच,
आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात, खडूनं,
खाली ‘पुसू नये’.
बंद केली.

आपोआप अपडेट चालू. मग बंद. मग चालू.
नेट म्हणजे सरांचा स्वतःचा मोबाइल, रोजचा दीड जीबी,
आणि लाईट नेमकी अर्ध्यात जाते.
तरी चालू.

अडले ती डिस्कच्या कुलपापाशी.
नियम म्हणतो, लावा.
पण बोरीच्या घनसावंत सरांनी मागच्या साली
कपाटाची किल्ली हरवली
तेव्हा सुतार बोलावून कपाट फोडलं.
हे कपाट कुठल्याच सुताराला फुटत नाही,
आणि आत पोरींच्या स्कॉलरशिपच्या याद्या.
चोराला भ्यावं, की विसरण्याला?

वॉचमन मुख्तारभाई डबा धुऊन आले.
“अजून काय करायलाव मॅडम?”
म्हटलं, कोणतं दार उघडं ठेवायचं ते ठरवायलेय.
ते हसले.
“आमच्या पाथरीत कवाड लोटलेलं ऱ्हातं. कडी नाही.
पर बिजागरी अशी करकरती,
मांजर आलं तरी मागच्या खोलीत कळतंय.
बायकू म्हणती तेल घाला.
म्या घालीत न्हाई.”

ते गेल्यावर
मी नोंदवहीची सेवा चालू केली,
जी जागा खाते म्हणून सकाळी बंद केली होती.
कोण आलं, किती वाजता,
किती वेळा चुकीची किल्ली फिरवली.
करकरू दे.

डिस्कला कुलूप नाही लावलं.
बरोबर केलं की नाही, माहीत नाही.
सेटिंगच्या फाईलीत, त्या ओळीच्या वर,
जिथं कारण लिहायची रीत आहे
आणि वाचायची नाही,
एवढंच लिहिलं:
घनसावंत सर, बोरी.