कानोसा

उस्ताद पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला,
"बघत राहा,"
आणि बॉनेटखाली गेला, खांद्यापर्यंत.
मग दिसायची ती पाठ.
तीन महिने मी ती पाठच पाठ केली.

कुमासीत हार्मटानचा वारा सुटलेला,
भर दुपारी ट्रक दिवे लावून यायचे.
मी छत्तीसची. पोरांतलं थोरलं एकोणीसचं.
अकरा वर्षं शाळेचे गणवेश शिवलेली मी
पाना धरायचे कात्रीसारखा.
हसायचे. हसू देत.

ताविया माझ्याआधी फक्त चार महिने लागलेला.
ओठावर नुकती लव,
बढाई मात्र चाळीस वर्षांची.
केंके खाता खाता बोटं चाटत म्हणाला,
"आंटी बोआहेमा, डोळे मीट.
तुला वाटतं उस्ताद बघतोय. तो ऐकतोय."
आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक
धडधडत्या इंजिनावर टेकवून
मूठ माझ्या कानामागच्या हाडावर ठेवली.

आत
बंद खोलीत कोणीतरी चमचा ढवळत होतं.
"टॅपेट. ढिला आहे. आता हे?"
वाळूतून ओढलेली खुर्ची.
"बेअरिंग. गेलं. आणि हे—"
थांबला.
"हे मला नाही येत अजून. बादूला विचारू."

बादूलाही येत नव्हतं.
तिघं आळीपाळीने डोकं टेकवत राहिलो
त्या ट्रोट्रोच्या कुशीला.
ड्रायव्हर ओरडला,
दुरुस्ती चाललीय की प्रार्थना?

उस्ताद सांगत नाही तो कंजूष म्हणून नव्हे.
न येणं कसं असतं
हे तो विसरलाय.
तावियाला परवापर्यंत येत नव्हतं.
त्या रस्त्याची धूळ अजून त्याच्या पायांवर आहे,
म्हणून वाट सांगताना
तो खड्डेही सांगतो.

तो तिसरा आवाज
माझ्या जुन्या शिलाई मशीनचा निघाला.
पट्टा सैल पडला की तेही असंच
टाक्याआधी एक श्वास चुकवायचं.
"काहीतरी सैल आहे," मी म्हटलं, "जे दुसऱ्याला फिरवतं ते."
बादूने तावियाकडे पाहिलं. "टायमिंगची चेन?"
उघडायला दोन दिवस गेले.
चेनच होती.

कानामागून आलेली मी
आठवडाभर तिखट होऊन हिंडले.
मग एक बोल्ट उलटा पिळून
मुळातूनच तोडला.

कोणी हसलं नाही.
तावियाने फळीमागून दुधाचा डबा काढला,
तुटक्या बोल्टांनी अर्धा भरलेला.
"हा माझा. हाही माझा.
हे तिन्ही बादूचे, त्याला विचारू नकोस."
माझा आत टाकला, तेव्हा
तळाशी एक दिसला, गंजून लाल,
आमच्यापैकी कोणाचाच नसावा इतका जुना.

मी विचारलं नाही.
उस्ताद बॉनेटखाली होता,
खांद्यापर्यंत.