शिशाचे गोळे

त्रिएस्तमध्ये पहिल्या सकाळी मी कॉफी मागितली
तर काउंटरमागचा पोरगा म्हणाला, कोणती?
इथे काळीला 'नेरो' म्हणायचं, टिचभर दुधाचीला 'कापो',
काचेच्या पेल्यात हवी असेल तर पुढे 'इन बी' जोडायचं.
मी शेजारच्या म्हाताऱ्याच्या पेल्याकडे बोट केलं.
त्याने तो हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

नेरिना कोसुता, माझी घरमालकीण, वय शहाऐंशी.
पाचवा मजला, ब्याण्णव पायऱ्या.
पहिल्याच दिवशी तिने त्या मोठ्याने मोजायला लावल्या.
जिन्यातला दिवा लहरी आहे, म्हणाली,
पण पायऱ्या कुठे जात नाहीत.

समुद्र आहे, वाळू नाही.
सिमेंटच्या धक्क्यावर टॉवेल अंथरून
बँकेतली माणसं जेवणाच्या सुट्टीत ऊन खातात.
आणि एक पोहण्याची जागा अशी, की मधोमध भिंत,
पांढरी, थेट पाण्यात उतरलेली,
बायका या अंगाला, पुरुष त्या.
मला वाटलं, कुणाचं तरी सोवळं असणार.
तळमजल्यावरची फुल्विया उघड्या पाठीने पालथी पडलेली, हसली:
भिंत पाडू म्हणणाऱ्याला आम्ही मत देत नाही.
नवऱ्यापासून सुट्टी कुठे घ्यायची मग?

नोव्हेंबरात एका दुपारी नेरिनाने
खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या.
रात्री बोरा येणार.
मला आधी आठवली ती आंबटगोड बोरं,
टोपलीतली, मीठ लावलेली.
पण ती ज्या आठ्या घालून म्हणाली
त्यावरून वाटलं, नणंद येत असावी.

आली.
कौलं आली, कुणाची तरी चादर आली,
स्कूटरी ओळीने आडव्या झाल्या,
छत्र्यांचे सांगाडे कचऱ्याच्या डब्यांतून पाय वर करून.
वाऱ्यावर सोडणं म्हणजे काय
ते मला चौकात, शब्दशः कळलं.

तू फार हलकी आहेस या गावाला, नेरिना म्हणाली,
आणि लिव्हिओचा कोट काढला.
लिव्हिओ जाऊन एकोणीस वर्षं झालेली.
कोटाच्या खालच्या दुमडीत त्याने
गळाचे शिशाचे गोळे शिवून घेतले होते, दोन्ही बाजूंना.
गुडघ्यांवर ठक ठक आपटत
मी उतारावर निघाले.
कोपऱ्यावर दोर बांधलेला,
त्याला धरून सहा हात, त्यातले दोन माझे.
पुढची बाई, पोस्टाची पिशवी पोटाशी, ओरडली,
नवी ना? वाक! तिच्याशी भांडू नकोस!
मी वाकले.
नमस्कार केल्यासारखी दिसले असेन.

एप्रिलमध्ये कोट परत द्यायला गेले
तर म्हणाली, आधी दुमड उसव, गोळे गंजलेत का बघ.
शिसं गंजत नाही, मी म्हणाले.
तरी बघ.
गोळे निघाले, थोडी रेती,
आणि एक नाणं, घासून घासून कोरं झालेलं,
ना राजा ना आकडा.
कुठल्या देशाचं?

नेरिनाने ते खिडकीच्या उजेडात धरलं.
आई याच खोलीत जन्मली तेव्हा इथे ऑस्ट्रिया होता.
मी जन्मले तेव्हा इटली.
मग जर्मन. मग चाळीस दिवस युगोस्लाव.
मग इंग्रज-अमेरिकन, त्यांच्याकडे चॉकलेट होतं.
मग पुन्हा इटली.
मी कुठेच गेले नाही गं.
तेवढे पडदे बदलले.

नाणं तिने साखरेच्या भांड्यात टाकलं.
गोळे माझ्या हातावर ठेवले:
परत शिव. उन्हाळा काय, बघता बघता जातो.

मी दोरा ओवायला घेतला. सुईचं नाक सापडेना.
खाली बंदरात एका जहाजाने भोंगा दिला.
तुर्की, नेरिना न बघताच म्हणाली.
मग दुसऱ्याने दिला.
मी कान टवकारले, खूप वेळ.
मला अजून आवाजावरून काही कळत नाही.