बिलिंग्ज ते ग्लासगो, एक मंगळवार आड

तक्त्यात छापलंय: अंतर एकशे नव्वद मैल,
वेळ एक तास दहा मिनिटं.
आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली,
म्हणजे आपल्या इचलकरंजीहून पुणं, आणि वर थोडं.
वर थोडं म्हणजे किती, ते तिनं विचारलं नाही,
मीही हिशेब केला नाही.

हे ग्लासगो स्कॉटलंडातलं नव्हे.
हे मोंटानातलं, रेल्वेच्या रुळांपाशी, गव्हाच्या काठावर.
तीन हजारांची वस्ती, त्यात ऐकू न येणारे बरेच,
जन्मभर ट्रॅक्टरवर बसलेले.
मी त्यांचे कान घेऊन जाते
लहान डब्यांत, कापसात, बॅटऱ्यांसकट.

विमान नऊ जणांचं.
कोपऱ्यातल्या दाराशी काउंटर, काउंटरशी काटा,
कोट-बुटांसकट उभं राहायचं.
लायल आकडा वाचतो आणि उघड्या दारातून
पायलटला ओरडून सांगतो, अडतीवर पोती मोजावीत तसा:
एकशे बत्तीस! बॅग अकरा!
पहिल्या वेळी मी कानकोंडी झाले.
मग सवय झाली.

जाताना वारा पाठीशी, तासाभरात चाकं टेकतात.
येताना तोच वारा छातीवर,
ऐंशी मिनिटं, कधी नव्वद.
तक्त्याला वाऱ्याचं काही पडलेलं नाही.

फेब्रुवारीत एकशे चौतीस.
मार्चच्या मध्यावर एकशे अडतीस.
लायलनं चष्म्यावरून एकदा पाहिलं,
माझी सीट बदलली.
पंखाजवळ बस, म्हणाला, तिथं हादरे कमी.
तीन महिने होईपर्यंत
कुणाला सांगू नये म्हणतात.
आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.
काट्याला कोण सांगणार?

त्याच दिवशी मिसेस टॉर्गर्सन, वय एक्क्याण्णव,
कानात नवं यंत्र बसल्यावर
आधी फ्रीजची घरघर ऐकून दचकल्या,
मग माझ्याकडे वाकून म्हणाल्या,
पोट वाजतंय गं तुझं, खाऊन घे काहीतरी.

मग दोन फेऱ्या चुकल्या.

एप्रिलच्या शेवटी गेले. कोट तोच, बॅग तीच.
काटा थरथरला, खाली आला, थांबला.
लायलनं आकडा पाहिला.
ओरडला नाही.
चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीची घडी घातली,
काउंटरची फळी उचलून, दुखरा गुडघा धरत,
वितळत्या बर्फाच्या राडीतून विमानापर्यंत गेला,
पायलटच्या हातात दिली,
तसाच परत आला.
चाळीसेक पावलं. वेळ मी पाहिली नाही.
बुटांवरचा चिखल तो बराच वेळ
पायपुसण्यावर घासत राहिला.

सीट मात्र पंखाजवळचीच.

खाली फोर्ट पेकचं पाणी,
कडेचा बर्फ फुटलेला, मधला अजून नाही.
कानांत बोळे घालून बसले होते.
दुसऱ्यांच्या कानांचा डबा मांडीवर.

येताना वारा साफ पडलेला.
बरोबर एक तास दहा मिनिटं.
आजवरची पहिलीच वेळ.

उतरल्यावर आईला फोन लावला.
तिकडे पहाट, तिच्या चहाचं आधण.
मी सांगितलं.
ती म्हणाली, मोठ्यानं बोल बाई,
इतक्या लांबून नीट ऐकू येत नाही.