छाट

कन्ना चौकात, चादरीच्या दुकानाच्या डोक्यावर
कोडम सरांचं टायपिंग सेंटर.
आधी आम्ही वीजबिलं टाइप केली, मग मतदारयाद्या,
मग एका दवाखान्यातले सहाशे मुतखडे.
या महिन्यात समुद्र आलाय.
कुठल्याशा बेटावरची भाषा, दोन हजार तीनशे शब्द,
शब्दामागं सव्वा रुपया.

समुद्र मी पाहिलेला नाही.
कंबर तलाव पाहिलाय, जलपर्णीखाली असतो तेवढा.

पहिला रकाना: भाषेचं नाव.
नाव शेजारच्या गावानं ठेवलेलं,
अर्थ: तोंडात पान धरून बोलणारे.
ते स्वतः तिला नुसतं ‘बोलणं’ म्हणतात.
शाळेत आमच्या तेलुगूला पोरं यंडुगुंडु म्हणायची.
हा रकाना मी न विचारता भरला.

दुसरा रकाना: कुळ.
ऑस्ट्रोनेशियन. त्यात मलय-पॉलिनेशियन. त्यात मधली फांदी.
त्यापुढं दोन प्रोफेसरांचं पटत नाही,
म्हणून पेन्सिलीनं लिहिलंय: अवर्गीकृत?
प्रश्नचिन्हासकट टाइप कर, सर म्हणाले.

मता म्हणजे डोळा.
लिमा म्हणजे पाच, आणि हातसुद्धा.
तैवानपासून हवाईपर्यंत थोडेफार असेच आहेत म्हणे हे शब्द.
होडीतून एवढ्या लांब नेले
आणि भिजले नाहीत.

आमच्यात माट म्हणजे शब्द.
जुळतंय की सर, मी म्हटलं.
सर हसले. योगायोग.
नाक सारखं असलं म्हणून भाऊ होत नाही.

अम्मा घरी विड्या वळते.
कारखान्यात तिच्यासमोरच छाट काढतात:
पान करपलेलं, दोरा ढिला, तोंड नीट मोडलेलं नाही.
बाजूला पडलेल्या विडीला मजुरी नाही.
मी हेडफोन लावून तेच करते.
मलयमधून आलेला शब्द, बाजूला.
पोर्तुगिजांनी सोडून गेलेला, बाजूला.
(आपला पगारही त्यांचाच. शब्द, पैसे नव्हे.)
उरतो तो अस्सल.
सव्वा रुपया त्यालाच.

कानात तेते युनुस बोलतो.
मागं कोंबडा, कुणाची तरी मोटारसायकल,
आणि सारखं काहीतरी घासल्यासारखं, ते पाणी असावं.
रकाना अकरा, बोलणारे: अकरा, खोडून नऊ.
रकाना बारा, सर्वांत लहान बोलणारा: वय एकसष्ट.
रकाना तेरा, मुलं: समजतं, उत्तर मलयमध्ये देतात.

काल अम्मानं श्रीहासला विचारलं, तिंटावा रा?
नको ना आजी, माझी मॅगी झाली.

त्यांच्या भाषेत ‘आम्ही’ला आमि म्हणतात.
आमि, म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून.
त्याला धरून म्हणायचं तर इता.
आम्ही आणि आपण. मेमु आणि मनमु.
मी खुर्चीतून उठलेच.
सरांनी मान न वळवता सांगितलं: योगायोग, पुढं चल.

शेवटच्या टेपमध्ये विचारणारा बॅटरी आणायला जातो,
मशीन चालूच राहतं.
म्हातारा थोडा वेळ गप्प, मग खाकरतो,
मग कुणीच नसताना म्हणतो, इता…
पुढचं दोन शब्दांचं आहे, यादीत सापडलं नाही.
मी ते सतरा वेळा ऐकलं.
सतरा वेळा त्यानं मला धरून म्हटलं.

रात्री फोनमध्ये घालून टेप घरी नेली, नियमात बसत नाही.
अम्माच्या मांडीवर सूप, सुपात पानं.
तिनं एका कानाला हेडफोन धरला,
दुसऱ्या हातानं दोरा गुंडाळत राहिली.
वाडिकि येवरु उन्नारु? तिनं विचारलं.
त्याला कोण आहे?
नऊ जण, मी म्हटलं.

एका शब्दाचे किती देतात?
सव्वा रुपया.
तुला नव्हे गं, अम्मा म्हणाली.
त्याला.